छर्ऱ्याची बंदूक, बोल्ट पद्धतीची

नळीच्या मागील तोंडाशी पुढेमागे सरकणारा आणि वळवून घट्ट अडकविता येणारा पोलादी दट्ट्या असलेली, खांद्याला लावून उडवावयाची, गुळगुळीत नळीची बंदूक. या दट्ट्यास बोल्ट म्हणतात. दाराची कडी ज्याप्रमाणे मूठ उचलून मागे ओढतात व पुढे सारून खाली पाडतात, त्याचप्रमाणे बोल्टची क्रिया चालते. भारतात अधिक परिचित असलेली दुनळी बंदूक बिजागरीवर मोडते आणि मोडलेली बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे चार पावलांवरूनही दिसते. बोल्टच्या बंदुकीचे तसे नाही. बोल्ट मिटलेला असता नळीच्या मागील कोठीत काडतूस आहे किंवा कसे, हे बहुतेक बंदुकांत बाहेरून कळत नाही. शिवाय कोठी रिकामी केली, तरी पेटीत काडतुसे शिल्लक असल्यास बोल्टच्या पुढच्याच फेऱ्यात दुसरे काडतूस कोठीत जाऊन बसते. या बंदुकीच्या सुरक्षित हाताळणीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

बोल्टची पद्धत मूळची लष्करी रायफलीची. प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारलेल्या ड्रायझे बंदुकीपासून ती प्रचारात आली आणि जर्मनीची १८९८ ची माउझर व ब्रिटिशांची ली-एनफील्ड या रायफलींत परिपक्व झाली. छर्ऱ्याच्या बंदुकीत ती मुख्यतः स्वस्ताईमुळे शिरली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत शिल्लक राहिलेल्या माउझर रायफलींना गुळगुळीत नळ्या बसवून त्या ‘गेहा’ यासारख्या नावांनी विकण्यात आल्या. जाड काडतुसाला वाट करून देण्यासाठी गेहा बंदुकीच्या बोल्टचे पुढील पकड-दात काढून टाकलेले असतात. म्हणून माउझर या नावावर भिस्त ठेवून तिच्यात जबर काडतुसे वापरणे धोक्याचे आहे. इंग्लंडात वेब्ली अँड स्कॉट या कंपनीने ·४१० बोअरच्या व ९ मिमी. च्या लहान बंदुका काढल्या. अमेरिकेत मॉसबर्ग, मार्लिन, स्टीव्हन्स इ. कंपन्यांच्या बोल्ट बंदुका शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचल्या, मार्लिनच्या ‘गूज गन’ची नळी ३६ इंच (सु. ९१ सेंमी.) लांब होती. पुढे झटपट बार काढणाऱ्या पंप व स्वयंभरण बंदुका स्वस्त झाल्या व बोल्ट बंदूक मागे पडली. आता ती प्रामुख्याने हरणाच्या शिकारीसाठी, आटे पाडलेल्या नळीतून एकच जड गोळी उडविण्याकरिता बनते.

भारतात या जातीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पोलिसांची ·४१० मस्केट. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात ली-एनफील्ड रायफलीची नळी गुळगुळीत करून ती पोलीस व तुरुंगरक्षक यांच्यासाठी एकबारी करण्यात आली. ती बाह्यतः थेट ·३०३ रायफलीसारखी दिसते. तिचे काडतूस ·३०३ च्याच पितळी कोषाची मान न आवळता तयार केलेले असल्याने छर्ऱ्याच्या बाजारी ·४१० काडतुसाशी त्याचे माप जुळत नाही. नावात आकडा एकच असला, तरी काडतूस एकच असते असे नाही, हे या मस्केटीवरून चांगले ध्यानात येते.

रचना व क्रिया : बोल्टची मूठ वर उचलली, की त्याचे पकड-दात खाचांतून सुटतात. मूठ मागे ओढली, की बोल्टच्या तोंडावरील आकडा काडतुसाची कड धरून कोष कोठीबाहेर काढतो व तो एका खुंटीवर आपटून बाजूस फेकला जातो. बोल्ट पुढे सारताना पेटीतील वरचे काडतूस कोठीत ढकलले जाते आणि मूठ खाली पाडताच नळीचे मागचे तोंड कुलूपबंद होते. बोल्टच्या पोटात स्प्रिंगवर ताणलेली आघात-सुई असते. चाप ओढताच ती सुटून काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळते. माउझर पद्धतीत सुई मूठ उचलतानाच ताणली जाते, तर ली-एनफील्ड पद्धतीत बोल्ट पुढे सारण्याच्या अखेरच्या टप्प्यात ताणली जाते. काही स्वस्त एकबारी बंदुकांत मात्र ती बोल्टच्या मागील बोंडी हाताने ओढून ताणावी लागते. बंदूक नवी हाती आली असता ती यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे रिकाम्या स्थितीत तपासून घ्यावे.

बोल्ट ओढावयाचा तो पूर्ण मागपर्यंत आणि निश्चयाने. नवशिका बहुधा तो अर्ध्यातूनच परत सारतो. मग जुना कोष पुरता बाहेर पडत नाही, नवे काडतूस त्याच्या पाठीवर चढते व दोन्ही अडकून बसतात. अशा वेळी बोल्टवर जोर न करता नळी निर्धोक दिशेस धरून पेटी काढावी आणि मग अडकलेली काडतुसे एकेक सोडवावीत.

रिकामी करणे : नळीचे तोंड निर्धोक दिशेस व बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवून प्रथम पेटी काढावी, नंतर बोल्ट उघडावा. हा क्रम उलटता कामा नये. बोल्ट आधी उघडून कोठीतील काडतूस बाहेर टाकले, समाधानाने बोल्ट मिटला आणि पेटी मागाहून काढली, तर पेटी हातात व काडतूस कोठीत अशी स्थिती होते. बंदूक रिकामी केल्याची खात्री तेवढी मनात राहते. ‘रिकाम्या’ बंदुकीतून बार उडाल्याच्या घटनांमागे हा उलटा क्रम वारंवार आढळतो. पेटी न निघणारी असेल, तर काडतुसे येईनाशी होईपर्यंत बोल्ट मागेपुढे करावा व बाहेर पडलेली काडतुसे भरलेल्या काडतुसांशी मोजून पाहावीत.

बोल्ट उघडल्यावर काहीच बाहेर पडले नाही, यावरून कोठी रिकामी असल्याचे सिद्ध होत नाही. आकडा झिजला असेल, तर तो काडतुसाच्या कडेवरून निसटतो आणि काडतूस जागीच राहते. पावसाळी दमट हवेत कागदी कोषाची काडतुसे फुगून कोठीत घट्ट बसतात, तेव्हाही हेच होते. म्हणून कोठीत डोळ्यांनी पाहावे व करंगळी घालून चाचपावे. अंधारात तर बोटाशिवाय दुसरे साधन नाही. बंदूक दुसऱ्याच्या हाती देताना बोल्ट उघडाच ठेवावा आणि घेणाऱ्यानेही कोठी पुन्हा पाहावी. यात देणाऱ्यावर अविश्वास दाखविल्यासारखे होते, असा संकोच पुष्कळांना वाटतो. जाणते बंदूकधारी मात्र तो मानीत नाहीत.

सुरक्षा खटका : हा खटका चाप किंवा आघात-सुई अडवितो, पण तो यांत्रिक भाग असल्याने झिजतो, मळतो व विसरलाही जातो. शिवाय अनेक बंदुकांत तो लावला असता बोल्टही अडतो. म्हणजे भरलेली बंदूक रिकामी करण्यासाठी आधी खटका काढावाच लागतो. त्या क्षणी नळी कोणाकडे रोखलेली नाही, एवढाच काय तो बचाव उरतो. कोठीत काडतूस असताना चाप दाबून धरून बोल्ट हळूच मिटविण्याची व सुई ‘उतरवून’ ठेवण्याची सवय काहींना असते. काही बंदुकांत अशा वेळी सुईचे टोक काडतुसाच्या टोपीला टेकून राहते व दस्ता जमिनीवर आपटला, तरी बार उडू शकतो. कुंपण, ओढा किंवा चढण ओलांडताना आणि वाहनात बसताना काडतुसे काढून बोल्ट उघडा ठेवणे, हाच योग्य मार्ग होय.

काडतूस व नळी : बोअरचा आकडा म्हणजे नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती होतात ती संख्या. त्यामुळे आकडा मोठा, तर नळी लहान. १२ बोअरचा व्यास सु. १८·५ मिमी., १६ चा १६·८ मिमी. व २० चा १५·६ मिमी. असतो, ·४१० हा मात्र इंचांतील प्रत्यक्ष व्यास होय. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या कोठीत घातले, तर ते पुढे घसरत जाऊन नळी जेथे निमुळती होते तेथे अडकते. कोठी रिकामी दिसते. घाईत असलेला माणूस बार चुकला असे समजून १२ बोअरचे काडतूस मागे भरतो, बोल्टही निमूटपणे मिटतो. हा बार उडताच नळी फुटते आणि तीही आधार देणाऱ्या डाव्या हाताजवळच. अमेरिकेत २० बोअरच्या कोषाला पिवळा रंग देण्याचा प्रघात यासाठीच पडला. पण रंगावर न विसंबता दोन बोअरची काडतुसे एका खिशात, किंबहुना एका फेरीत, बरोबर न नेणे श्रेयस्कर.

लांबीचा घोटाळा याहून फसवा असतो. काडतुसाची सांगितलेली लांबी ही बार उडून तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे ७६ मिमी. चे काडतूस ७० मिमी. च्या कोठीत सहज बसते, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडण्यास जागा मिळत नाही व दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. युरोपातील जुन्या बंदुकांच्या कोठ्या बहुधा ६५ मिमी. च्याच असतात. नळीवर कोरलेला आकडा वाचून काडतूस घ्यावे. तो पुसट झाला असेल, तर बंदूक कारागिराकडून मोजून घ्यावी.

बोल्टच्या भक्कमपणामुळे एक गैरसमज रुजला आहे. रायफलीचा बोल्ट म्हणजे बंदूक काहीही सोसेल, असे मानले जाते. १२ बोअरच्या काडतुसाचा दाब दर चौ. इंचास सु. ११,५०० पौंडांपर्यंत असतो. लष्करी रायफलीत तो याच्या चौपटीहून अधिक जातो. नळीच्या भिंतीची जाडी छर्ऱ्याच्या या कमी दाबाच्या हिशोबाने बेतलेली असते. तोंडाशी चिखल, गवत किंवा सफाईची चिंधी अडकली असता बोल्ट शाबूत राहतो आणि नळी फाटते. नळी जमिनीला लागली अशी नुसती शंका आली, तरी बंदूक रिकामी करावी, बोल्ट काढावा व मागील बाजूने नळीतून उजेड पाहावा. तोंडाकडून डोकावण्याची गरज बोल्टच्या बंदुकीत पडतच नाही. या एका बाबतीत ती पंप बंदुकीपेक्षा सोयीची आहे.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर बोल्ट लगेच उघडू नये. काडतूस उशिरा पेट घेण्याचा संभव असतो आणि उघड्या बोल्टमागे नेमबाजाचे तोंड असते. नळी निशाण्याच्या दिशेने स्थिर धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा मवाळ आला व धक्का जाणवला नाही, तर छर्रे किंवा त्यांमागील डाट नळीतच राहिला असण्याची शक्यता असते. नळी तपासल्याखेरीज दुसरा बार काढू नये.

पल्ला : पक्ष्यांच्या ६ नंबरच्या छर्ऱ्यांचा परिणामकारक पल्ला ३५ ते ४० मी. असतो, तथापि ते सु. २०० मी. पर्यंत जाऊन पडतात. मोठे छर्रे ६०० मी. च्याही पलीकडे आणि एकच जड गोळी १ किमी. च्या पुढे जाऊ शकते. सपाट पाणी, खडक व कठीण जमीन यांवरून छर्रे उसळतात. यास्तव निशाण्यामागे मातीचा बांध असल्याखेरीज बार काढू नये. बाराचा आवाज एकदाच ऐकूनही कानास कायमची इजा करू शकतो. कानपट्ट्या व चष्मा वापरावा.

निगा व कायदा : सफाईपूर्वी काडतुसे त्या खोलीतूनच दूर ठेवावीत. बोल्ट निघाला, की नळी मागून तोंडाकडे घासावी, तेलाचा हलका हात द्यावा. बार काढण्यापूर्वी मात्र नळीतील तेल पुसून घ्यावे. हातांना शिसे लागलेले असते, ते धुवावेत. एका बंदुकीचा बोल्ट दुसरीत बसविणे टाळावे, कारण बोल्टचे तोंड व काडतुसाचे बूड यांतील अंतर प्रत्येक बंदुकीत जुळवून घेतलेले असते. ली-एनफील्डच्या मुठीवर बंदुकीचाच क्रमांक ठोकलेला असतो, तो यासाठीच.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, परवान्याची मुदत ५ वर्षे केली आणि लग्न, मिरवणूक अशा प्रसंगी हर्षभराने केलेल्या धोकादायक गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे शिकारीचा हेतू जवळजवळ संपुष्टात आला असून आत्मसंरक्षण, परवानगीने पीकरक्षण व नेमबाजीचा खेळ हेच उपयोग उरले आहेत. यांमुळे बंदूक वर्षातील बहुतेक दिवस घरात पडून असते. तीत लहान मुले वावरत असतील, तर बंदूक एका कपाटात, काडतुसे दुसऱ्यात आणि बोल्ट तिसऱ्या ठिकाणी कुलपात ठेवावा. बोल्टविना उरलेली बंदूक ही दस्ता जोडलेली पोकळ नळी असते व ती काही क्षणांत पुन्हा जोडता येत असली, तरी बोल्ट हाती असल्याशिवाय कोणालाही चालविता येत नाही.