नाव गुलबर्ग्याचे, मैदान दूरचे

भीमा-अमरजेच्या संगमाकाठी, गाणगापुरात राहणाऱ्या क्रिकेटवेड्यालाही आपला म्हणावा असा एक व्यावसायिक संघ आहे : गुलबर्गा मिस्टिक्स. कर्नाटकाची महाराजा ट्रॉफी २०२२ साली सुरू झाली आणि मनीष पांडे यांच्या नेतृत्वाखाली पहिलेच विजेतेपद या संघाने मिळविले. परंतु त्या वर्षीचे सामने झाले म्हैसूर व बंगळूर येथे! नाव गुलबर्ग्याचे, मैदान मात्र पाचशे किलोमीटरांहून दूर. तेव्हा इकडच्या माणसाचे प्रेक्षागार म्हणजे घरातला पडदाच.

हे सामने स्टार स्पोर्ट्सच्या वाहिनीवर आणि मोबाइलवर फॅनकोडवर दाखविले गेले. वाहिनी पाहावयाची तर केबल किंवा पैसे भरून घेतलेली डिश हवी. दूरदर्शनच्या फ्री डिशवर विसंबून मात्र राहू नये. २००७ च्या कायद्याने दूरदर्शनला वाटा मिळतो तो राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरविलेल्या सामन्यांचाच. एका राज्यातली स्पर्धा त्यांत बसत नाही. वर्षभराची वर्गणी ज्यांना जड वाटते, त्यांना फॅनकोडवर एखाद्या सामन्यापुरते वा स्पर्धेपुरते शुल्क भरण्याची सोय बरी. प्रक्षेपणाचे हक्क हात बदलतात. म्हणून ऑगस्टात स्पर्धा लागण्यापूर्वी, पैसे भरण्याआधी, त्या वर्षीची वाहिनी कोणती याची चौकशी आपण अवश्य करावी.