नवख्याला सांभाळणारे गडी: गेमच्या दुनियेतले बिनपगारी पाठीराखे

खडकी म्हणजे छावणीचं गाव. लष्करातल्या घरांची बदली ठरलेलीच, त्यामुळे इथल्या मैदानांना नवा चेहरा काही नवा नाही. ‘चल, तू आमच्याकडून’ असं म्हणणारं कुणी भेटलं की नवं पोर दोन दिवसांत रुळतं. आता निम्मा खेळ मोबाइलवर गेलाय. तिथल्या लॉबीत नवख्याला ‘नूब’ म्हणून हाकलणारे भेटतात, तसे लिंबूटिंबू समजून सांभाळून घेणारेही भेटतात. या सांभाळणाऱ्यांना कुणी पगार देत नाही. तरीही ऑनलाइन खेळांत माणसं टिकतात ती त्यांच्या जिवावर. भेटूया त्यातल्या काहींना!

पुण्याचा गेम, सगळेच नवे
पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ कंपनीचा ‘इंडस’ हा बॅटल रोयाल गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. बॅटल रोयालमध्ये शेवटपर्यंत उरेल तो जिंकतो, हे पोरांना तोंडपाठ. इथे मात्र ‘कॉझमियम’ नावाचं खनिज ताब्यात घेऊनही सामना मारता येतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो आडोशाला दबा धरून बसतो आणि हातचा डाव घालवतो. ‘अरे, कॉझमियमकडे पळ!’ असं माइकवरून ओरडणारा एक जाणता गडी स्क्वॉडमध्ये असला, की पहिलाच सामना रंगतो.

पहिले जादूगार
१९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा गेम घडवला. त्यात चित्रं नव्हतीच, सगळा खेळ अक्षरांचा. भरपूर गुण कमावणारा खेळाडू ‘विझार्ड’ होई आणि त्याच्या हाती मोठे अधिकार येत. म्हणजे ऑनलाइन खेळ जन्मला, तेव्हाच खेळाडूंमधून कारभारी निवडायची रीतही जन्मली.

चांदीचा मुकुट
‘रूनस्केप’ हा २००१ चा ब्रिटिश गेम. त्यात कंपनीच्या माणसाच्या नावाशेजारी सोनेरी मुकुट दिसतो आणि खेळाडूंमधल्याच स्वयंसेवक मॉडरेटरच्या नावाशेजारी चंदेरी. शिवीगाळ करणाऱ्याला हा चंदेरी मुकुटवाला गप्प करू शकतो.

पेंग्विन वाटाड्या
लहान मुलांच्या ‘क्लब पेंग्विन’मध्ये नवागतांना बेट फिरवून दाखवणारे वाटाडे असत आणि तेही खेळणारी मुलंच. अट अशी होती, की आपला पेंग्विन किमान ४५ दिवसांचा हवा आणि प्रश्नमंजूषेत पास व्हायला हवं.

अंतराळातली पेट्रोल सेवा
‘एलिट डेंजरस’मध्ये आपल्या आकाशगंगेची हुबेहूब मापाची प्रतिकृती आहे. त्यात ताराप्रणाली सुमारे ४० हजार कोटी! एवढ्या पसाऱ्यात यानाचं इंधन संपलं, तर करायचं काय? ‘फ्युएल रॅट्स’ना हाक मारायची. २०१५ पासून ही खेळाडूंची टोळी अडकलेल्यांना फुकटात इंधन पोहोचवते.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. पहिला प्रश्न एकच: प्राणवायूची उलटी मोजणी सुरू झालीय का? झाली असेल, तर ताबडतोब गेममधून बाहेर पडायला सांगतात, म्हणजे घड्याळ थांबतं. नसेल, तर एकेक यंत्रणा बंद करायला लावतात, फक्त प्राणवायूची सोडून. मग सोडवायला येणाऱ्यांना मित्रयादीत घ्यायचं, खुणेचा दिवा लावायचा आणि वाट बघायची. तोवर इंधन घेऊन दोन-तीन यानं उड्या मारत निघालेली असतात. टोळीतला एकजण शेवटपर्यंत अडकलेल्याशी बोलत राहतो. धीर देणं हेही कामच. अशा सुटकांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेलाय!

नावापुढे हिरवा कोंब
‘फायनल फँटसी १४’मध्ये नवख्याच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो. कोंब दिसला की जाणते समजून घेतात. पुरेसा अनुभव आणि सहखेळाडूंची शाबासकी कमावली, की मेंटॉरचा मुकुट मिळतो. नवखे आणि मेंटॉर यांच्या गप्पांसाठी वेगळी वाहिनीही आहे. तिथे कितीही बाळबोध प्रश्न बिनधास्त विचारावा.

खेळाडूंची पंचायत
भांडणं कोण सोडवणार? ‘लीग ऑफ लेजंड्स’ने २०११ मध्ये खेळाडूंनाच पंच केलं. तक्रार झालेल्याचे संवाद वाचायचे आणि शिक्षा की माफी, ते ठरवायचं. २०१४ मध्ये ही व्यवस्था थांबली. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये २०१३ पासून अनुभवी खेळाडू संशयिताच्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघून निवाडा देऊ लागले. संशयिताचं नाव मात्र झाकलेलं, म्हणजे वशिला नाही आणि खुन्नसही नाही.

दादागिरीला दार बंद
स्वमग्न मुलांना ‘माइनक्राफ्ट’मध्ये छळणारे भेटत. म्हणून कॅनडाच्या स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये अशी मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी ‘ऑटक्राफ्ट’ हा स्वतंत्र सर्व्हर उघडला. तिथे लक्ष ठेवणारी मोठी माणसंही मदत म्हणूनच येतात. खेळाला शांतता किती लागते, हे समजून घ्यायचं तर इथे बघावं.

आणि पैशाचं काय?
हा प्रश्न टाळून चालणार नाही. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये नवख्यांना मदत करणारे स्वयंसेवक ‘काउन्सेलर’ होते. २००० मध्ये त्यांच्यातल्या काही माजी मंडळींनी मजुरी मागत कंपनीवर दावा लावला. रास्तच मागणी! हौसेनं केलेली मदत वेगळी आणि वेळापत्रक लावून, हुकूम सोडून करून घेतलेलं काम वेगळं. कामच करून घ्यायचं असेल, तर कंपनीनं मोबदला द्यायलाच हवा.

आज रात्री एवढं करा
• स्क्वॉडमधला कुणी भलतीकडे पळाला, तर शिवी गिळा आणि दिशा सांगा. नवखा मराठी बोलणारा असेल, तर मराठीतच सांगा.
• कुणी पडला, तर आधी रिव्हाइव्ह करा, लूट नंतर.
• शिवीगाळ करणाऱ्याच्या तोंडी लागू नका. म्यूट करा, रिपोर्ट करा आणि ज्याला शिव्या बसल्या त्याच्याशी दोन शब्द बोला.

या तिन्ही गोष्टींना मुकुट लागत नाही की परवानगी. आपल्यालाही पहिला सामना कुणीतरी हात धरून शिकवलाच होता. त्याचं देणं फेडायचं, तर पुढचा नवखा लॉबीत येतोच आहे.