मुंबईहून नाशिकची एक दिवसाची वाईन सहल : द्राक्ष बागाईतदाराने काय पाहावे, काय विचारावे?

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष शेती महाराष्ट्राला नवीन नाही. खाण्याची द्राक्षे, निर्यातीची द्राक्षे आणि बेदाणा या तीन वाटा आपल्या बागाईतदारांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. चौथी वाट वाईनच्या द्राक्षाची. या वाटेने गेलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींना स्थैर्य मिळाले, तर काहींना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. या दोन्ही गोष्टींचे कारण समजून घ्यावयाचे असेल, तर शहरातील पर्यटक करतात ती एक दिवसाची मार्गदर्शित वाईन सहल बागाईतदाराने एकदा अवश्य करावी. पर्यटक मौजेसाठी जातो, बागाईतदाराने मात्र हिशेबासाठी जावे.

या सहलीशी आपला संबंध काय?

थॉमसन सीडलेस किंवा सोनाका या वाणांचा माल निर्यातीस गेला नाही तर देशी बाजारात जातो. तेथेही दर नसेल तर बेदाणा करता येतो. वाईनच्या वाणांचे तसे नाही. त्यांचे मणी लहान, बियांचे, जाड सालीचे व रसाळ असतात. खाणारा ग्राहक ते घेत नाही आणि त्यांचा चांगला बेदाणाही होत नाही. म्हणजेच वाईनच्या द्राक्षाला एकच दार आहे व ते वाईनरीचे आहे. वाईनरीची बाटली खपली तरच ते दार उघडे राहते.

याचा कटू अनुभव आपण घेतला आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईनरींना सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क झाले आणि वाईन वाणांची लागवड झपाट्याने वाढली. पुढे २००८ मध्ये जागतिक मंदी आली, त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. परदेशी पर्यटक व हॉटेलांतील ग्राहक घटले, वाईन टाक्यांतच पडून राहिली. त्यानंतरच्या हंगामांत अनेक बागाईतदारांच्या मालाला उठाव मिळाला नाही व त्यांनी वेली उपटून टाकल्या. वेलीत किंवा जमिनीत दोष नव्हता, ग्राहक कमी पडला होता. म्हणून शेवटचा ग्राहक कोण आहे, तो काय घेतो व का घेतो, हे पाहणे हा बागाईतदाराच्या अभ्यासाचाच भाग आहे.

वाईनरी पर्यटकाला का बोलावते?

ही कल्पना मूळची आपली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये नापा खोऱ्यात वाईनरी सुरू केली आणि पाहुण्यांना बाग व कारखाना दाखवून वाईन चाखविण्यावर भर दिला. सॅन फ्रान्सिस्को शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर हे खोरे आहे. नाशिकमध्ये सुला वाईनरीने २००५ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखण्याचे दालन सुरू केले. मुंबई व पुण्याहून येणाऱ्यांची रीघ त्यानंतर वाढत गेली.

वाईनरीच्या दृष्टीने यात दोन फायदे आहेत. पहिला, दारावर विकलेल्या बाटलीत मधल्या वितरकाचा व दुकानदाराचा वाटा वाचतो. दुसरा अधिक महत्त्वाचा. आपल्या देशात दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करता येत नाही. तेव्हा बाग पाहून, वाईन चाखून घरी गेलेला पाहुणा हीच वाईनरीची जाहिरात ठरते. पाहुण्यांचा ओघ चांगला असलेल्या वाईनरीकडे ग्राहकाची नाडी असते, आणि तिच्याशी करार करणाऱ्या बागाईतदारालाही त्याचा आधार असतो.

सहलीचा मार्ग व वेळ

मुंबई ते नाशिक हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. मुंबई–आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून साडेतीन ते चार तास लागतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने घाटाला पर्यायी रस्ता मिळाला आहे. रेल्वेने जावयाचे असल्यास नाशिक रोड स्थानकावर उतरावे. तेथून गंगापूर धरणाचा परिसर सुमारे २० किलोमीटर आहे. वाहनाची व्यवस्था आधी करावी.

वाईनरी साधारणतः तीन भागांत आहेत. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळ कावनई येथे व्हॅलोने, तर सांजेगाव येथे ग्रोव्हर झाम्पा. नाशिक शहराच्या पश्चिमेस गंगापूर भागात सुला, यॉर्क व सोमा. तिसरा भाग दिंडोरी तालुक्याचा. एका दिवसात दोनच वाईनरी नीट पाहून होतात. सहल काढणारे बहुधा सकाळी सहा–साडेसहाला मुंबई सोडतात, एका वाईनरीत बाग व कारखाना दाखवितात, जेवण होते, दुपारी दुसरी वाईनरी व खरेदी करून चार–पाचच्या सुमारास परत फिरतात. शनिवार–रविवारी गर्दी असते व प्रश्न विचारण्यास सवड मिळत नाही. बागाईतदारांच्या गटाने आठवड्यातील मधला दिवस निवडावा व आगाऊ कळवावे.

हंगाम फार महत्त्वाचा. युरोपात वाईन द्राक्षाची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेल हिवाळ्यात पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून वर्षाला एकच पीक घेतले जाते. काढणी साधारणतः जानेवारी ते मार्चपर्यंत चालते. याच काळात गाळप प्रत्यक्ष पाहावयास मिळते. पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतात, परंतु वेलीवर घड नसतो आणि कारखान्यातील यंत्रे थांबलेली असतात.

बागेत काय पाहावे?

मार्गदर्शक पर्यटकांना वाणांची नावे सांगून पुढे नेतो. बागाईतदाराने तेथे थोडे थांबावे व पुढील बाबी बारकाईने पाहाव्यात.

१) वळण : आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षासाठी मंडप किंवा वाय पद्धत असते. वाईनच्या बागांत फुटी तारांच्या आधाराने सरळ वर नेण्याची उभी पद्धत बहुधा दिसते. घड एका पट्ट्यात येतात, त्यामुळे हवा खेळती राहते व काढणी सोपी होते.

२) मण्यांचा आकार : खाण्याच्या द्राक्षात मणी फुगविण्यासाठी आपण जिब्रेलिक आम्लाच्या बुडवण्या देतो, विरळणी करतो. वाईनसाठी मणी लहानच हवा, कारण रंग व स्वादाचा मोठा भाग सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त राहते.

३) उत्पादन : वाईनसाठी वेलीवर घडांची संख्या मर्यादित ठेवतात. अतिभार झालेल्या वेलीच्या द्राक्षात साखर व रंग दोन्ही कमी पडतात. म्हणून एकरी उत्पादन खाण्याच्या द्राक्षापेक्षा बरेच कमी धरावे. मजुरी व संजीवकांचा खर्चही कमी असतो. तुलना करताना केवळ दर न पाहता एकरी निव्वळ शिल्लक पाहावी.

४) वाण व खुंट : पांढऱ्या वाईनसाठी शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ, लाल वाईनसाठी शिराझ व कॅबरने सोव्हिन्यों हे वाण प्रामुख्याने दिसतात. कोणत्या खुंटावर कलम आहे व तेथील पाणी, जमीन कशी आहे, हे विचारून टिपून घ्यावे.

कारखान्यात काय पाहावे?

द्राक्षे आली की प्रथम वजन व साखरेची तपासणी होते. रिफ्रॅक्टोमीटरवर पांढऱ्या वाणांत साधारण २० ते २२ व लाल वाणांत २२ ते २४ ब्रिक्स अपेक्षित असतो. त्याबरोबर आम्लता व सामूही पाहतात. साखर वाढत जाते तशी आम्लता घटते, म्हणून काढणीचा दिवस दोन्ही पाहून ठरतो.

त्यानंतर यंत्राने देठ वेगळे करून मणी फोडतात. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच दाबून सालीपासून वेगळा करतात. लाल वाईनसाठी रस, साल व बिया एकत्रच आंबवितात. रंग सालीतून उतरतो. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू तयार करते. ब्रिक्सच्या आकड्याला ०.५५ ने गुणले की मद्यार्काचे अंदाजे शेकडा प्रमाण मिळते. २२ ब्रिक्सच्या द्राक्षापासून सुमारे १२ टक्के मद्यार्काची वाईन होते ती अशी. आंबविताना उष्णता निर्माण होते, ती वाढली तर स्वाद उडून जातो. म्हणून टाक्या पोलादी असून त्यांना शीतकरणाची सोय असते. काही लाल वाईन पुढे ओक लाकडाच्या पिंपांत मुरविल्या जातात.

बाटलीचा हिशेब

एक टन द्राक्षापासून साधारण ६५० लिटर वाईन मिळते असे धरू. ७५० मिलिलिटरच्या बाटल्या भरल्यास सुमारे ८६६ बाटल्या होतात. म्हणजे एका बाटलीत सुमारे १.१५ किलो द्राक्षे जातात. समजा, शेतकऱ्याला किलोला ५० रुपये दर मिळाला, तर त्या बाटलीत द्राक्षाचे सुमारे ५८ रुपये असतात. वाईनरीच्या दुकानातील बाटलीची किंमत पाहून हा हिशेब आपल्या प्रत्यक्ष दराने स्वतः मांडावा. उरलेली सारी रक्कम नफा नसते. बाटली, बूच, वीज, टाक्यांतील भांडवल, कर, वितरण व माल मुरेपर्यंतचे व्याज त्यातूनच जाते. तरीही दराची बोलणी करताना हा आकडा मनात असलेला बरा.

कोणते प्रश्न विचारावेत?

सहलीचा मार्गदर्शक वाईनची माहिती देतो. द्राक्ष खरेदीची माहिती त्याच्याकडे असतेच असे नाही. म्हणून बाग व्यवस्थापकाची भेट आधीच मागून घ्यावी व पुढील प्रश्न विचारावेत :

१) एकूण गाळपापैकी स्वतःच्या बागेतील माल किती व करारावरील शेतकऱ्यांचा किती?
२) करार किती वर्षांचा? वेल पूर्ण उत्पादनावर येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात व बाग पुढे पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक चालते. दोन–तीन वर्षांच्या कराराच्या भरवशावर अशी लागवड करणे धोक्याचे आहे.
३) दर ब्रिक्सवर ठरतो काय? ठरलेल्या ब्रिक्सच्या खाली माल गेल्यास कपात किती?
४) काढणीचा दिवस कोण ठरविणार? वाईनरीने उशीर केल्यास वजनातील घट कोणाच्या माथी?
५) अवकाळी पावसाने घड कुजल्यास माल कोणत्या प्रमाणापर्यंत स्वीकारला जाईल?
६) पैसे किती हप्त्यांत व किती दिवसांत मिळणार? वाईनरीने माल न उचलल्यास भरपाई काय?

शक्य असल्यास त्याच भागातील करारावरील एखाद्या शेतकऱ्याची भेट परतीच्या वाटेवर घ्यावी. पैसे वेळेवर मिळतात की नाही, हे त्याच्याकडूनच खरे कळते.

चाखताना घ्यावयाची काळजी

वाईन द्राक्षाची असली तरी ते मद्यच आहे, हे विसरू नये. चाखण्यासाठी चार ते सहा प्रकारच्या वाईनचे थोडे थोडे घोट देतात. उपाशीपोटी चाखू नये. रंग, वास व चव समजण्यास एक घोट पुरतो. उरलेली वाईन तेथे ठेवलेल्या भांड्यात ओतून देण्याची रीतच आहे. न पिणाऱ्याने संकोच करू नये, वासावरूनही पुष्कळ कळते. महाराष्ट्रात वाईनसाठी २१ वर्षे वयाची अट आहे. वाहन चालविणाऱ्याने मुळीच घेऊ नये. परतीच्या वाटेवर घाट आहे.

सहलीच्या वाटेवर ज्यांची शेते आहेत त्यांच्यासाठी

या रस्त्यांवरील बागाईतदारांना करार न करताही पर्यटकाचा लाभ घेता येईल. ताजी द्राक्षे लहान पेटीत, चांगला बेदाणा, घरगुती जेवण व स्वच्छ शौचालय, एवढ्या गोष्टी शहरातील माणूस शोधत असतो. शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. नोंदणीबाबत पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करावी. मात्र फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये पाहुण्यांना नेऊ नये, त्यांना घडांना हात लावू देऊ नये आणि घरी केलेली वाईन कोणालाही विकू किंवा चाखवू नये. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तसे करणे गुन्हा आहे.

शेतकरी बंधूंनो, वाईन वाणाची रोपे घेण्यापूर्वी हा एक दिवस काढावा. सोबत वही, रिफ्रॅक्टोमीटर व वरील प्रश्नांची यादी न्यावी. दुकानासमोर अर्धा तास उभे राहून किती पाहुणे हातात बाटली घेऊन बाहेर पडतात, तेही मोजावे. आपल्या वेलीचे पुढील पंधरा वर्षांचे भवितव्य त्या आकड्याशी बांधलेले आहे.