मोटार एका अंगास कां ओढते?

आधीं निदान व मग चिकित्सा, हा वैद्यकांतील क्रम मोटारीसहि लागू आहे. सपाट रस्त्यावर गाडी एका अंगास ओढूं लागली, कीं पुष्कळ गृहस्थ लगेच चाकांचें अलाइनमेंट करून घेतात. परंतु त्यापूर्वीं, टायर थंड असतांना, पुढील दोन्ही चाकांतील हवा मोजावी. कमी हवेच्या बाजूस गाडी ओढते. हवा सारखी असूनहि ओढ राहिल्यास पुढील टायरांची अदलाबदल करावी. ओढ उलट बाजूस गेली, तर दोष टायरचा. केवळ ब्रेक दाबतांच ओढत असेल, तर ब्रेक तपासावा.

ताशीं ८० ते १०० किलोमीटर वेगांत स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा चाकांचा तोल बिघडलेला असतो. खड्ड्यांत खडखडाट झाल्यास मात्र ढिले सांधे शोधावे. मागील चाकांस दगड लावून पुढील चाक जॅकनें उचलावें व गाडीखालीं भक्कम स्टँड द्यावा. मग चाक वर व खालीं धरून हालवावें. खेळ आढळल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग झिजलें आहे. डावीउजवीकडे धरून खेळ आढळल्यास संशय टाय रॉडच्या टोकावर.

हे दोष अंगावर काढूं नयेत. बॉल जॉइंट निखळला, तर चाक कोलमडतें व गाडी ताब्यांत राहत नाहीं. झिजलेला भाग बदलल्यानंतरच अलाइनमेंट करावें. ढिल्या सांध्यांवर घेतलेलें माप टिकत नाहीं. कुटुंबासह लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं एवढी परीक्षा अवश्य करावी.