भंगारात निघालेली काठी

बोईसरच्या एमआयडीसीत भंगाराची दुकाने पुष्कळ. कचेरी सुटल्यावर स्टेशनकडे जाताना आम्ही अशाच एका दुकानापाशी थांबलो. आमच्या पालघरच्या वस्तीतला एक तरुण तेथे लोखंडी टोकाची लाकडी काठी वजनावर विकत होता. त्याचे आजोबा चेंबूरच्या गोल्फ मैदानावर खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहत असत. एका साहेबाने जुनी म्हणून दिलेली काठी त्यांनी जन्मभर जपली. म्हातारे गेले आणि माळ्यावरची काठी भंगारात निघाली. तिचे वीस रुपये येणार होते. आम्ही त्याला थांबविले.

आपल्याकडे कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा, तसा अमेरिकेत हिकरीचा. हे लाकूड चिवट व लवचिक. गोल्फच्या काठ्यांचे दांडे पूर्वी त्याचेच होत. पुढे पोलादी दांडे आले. ब्रिटनमधील नियामक संस्थेने 1929 साली त्यांना मान्यता दिली आणि हिकरी मागे पडली. तरीही 1930 साली बॉबी जोन्सने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा हिकरीच्याच काठ्यांनी जिंकल्या. आज देशोदेशीचे हौशी लोक अशा काठ्या जमवितात, त्यांनी खेळतातही.

कोणाच्या घरी अशी काठी असेल तर आधी दांड्याला लोहचुंबक लावून पाहावा. सुरुवातीच्या काही पोलादी दांड्यांना लाकडासारखा रंग देत असत, त्यामुळे डोळे फसतात. लोखंडी पात्याच्या मागे कारागिराचा शिक्का असतो. गंज काढण्यासाठी पाते घासू नये. शिक्का पुसला की ओळख गेली. लाकडाला पॉलिश पेपर लावू नये. कोरड्या फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि पावसाळ्यात ओलीपासून जपावे. मात्र लाखो रुपयांची आशा धरू नये. अशा काठ्या पूर्वी अमाप बनल्या, बहुतेकींना किंमत बेताचीच येते.

मग जपायची कशाला? खेळ साहेबांचा, पण पिशवी कोणी वाहिली, गवत कोणी कापले, हे क्लबच्या भिंतीवरच्या फलकांवर सहसा लिहिलेले नसते. त्याच माणसांतून खेळाडूही घडले. 1913 साली अमेरिकेची खुली स्पर्धा हिकरीच्या काठ्यांनी जिंकणारा वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट लहानपणी पिशव्याच वाहत असे. आपल्याकडे 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हाही दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी. 2008 साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकणाऱ्या चौरासियाचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर गवताची निगा राखत.

त्या तरुणाने काठी परत घरी नेली. गेल्या रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा ती खिळ्याला टांगलेली होती. आजीला विचारून त्याने एक चिठ्ठी लिहिली होती आणि दोऱ्याने दांड्याला बांधली होती. चिठ्ठीवर आजोबांचे नाव, गाव आणि काम.

आपापल्या घरचे माळे एकदा पाहून घ्या. आणि सांगणारे माणूस आहे तोवर विचारून ठेवा.