थोडक्या भांडवलांत कोणत्या प्रणालीचा संगणक घ्यावा?

बैल घ्यावयाचा झाला तर आपला शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मगच रुमालाखालीं हात घालतो. हाच चौकस मनुष्य संगणक घ्यावयास जालन्यास गेला म्हणजे मात्र दुकानदार जें पुढें ठेवील तें उचलून आणतो, आणि घरीं आल्यावर विचारतो कीं, "यांत विंडोज बरें कीं तें दुसरें फुकटचें बरें?" हा प्रश्न गेल्या वर्षभरांत आम्हांस इतक्या जणांनीं विचारला कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून काढावें असें आम्हीं ठरविलें. आम्ही कांहीं या शास्त्राचे पंडित नव्हों. आमची उमेद महसुली दप्तरांत गेली. मुदतीआधींच निवृत्ति घेऊन सहा वर्षांपूर्वीं केदारखेड्यास परत आलों, तों मिरची पिकविणाऱ्या भाऊबंदांच्या गटाचा हिशेब गळ्यांत पडला, आणि त्या हिशेबापायीं जें शिकलों तेंच येथें सांगत आहों.

प्रथम एक खुलासा. संगणक प्रत्येक खातेदारास लागतोच असें नाहीं. 15 ऑगस्ट 2021 रोजीं सुरू झालेली ई-पीक पाहणी बांधावर उभें राहून फोनवरच करावयाची असते. तेथें घरांतील संगणकाचा उपयोग शून्य. सातबारा पाहणें, पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घेणें, हवामान व बाजारभाव पाहणें हींही कामें फोनवर होतात. ज्याचें काम एवढ्यावर भागतें त्यानें आपले पैसे खुशाल ठिबकाच्या नळ्यांत घालावे. संगणक लागतो तो ज्यास लिहावयाचें, छापावयाचें आणि वर्षानुवर्षें हिशेब राखावयाचा आहे त्यास. म्हणजे गट, सोसायटी, दूध संकलन केंद्र, खतबियाण्यांचा दुकानदार, किंवा ज्याचीं मुलें शिकत आहेत असा गृहस्थ.

आतां प्रणाली म्हणजे काय तें पाहूं. संगणक म्हणजे नुसता सांगाडा नव्हे. त्याच्या पोटांत एक मूळ प्रणाली असते व तीच सर्व कारभार हांकते. ती नसेल तर यंत्र म्हणजे तलाठी नसलेला सज्जा. दप्तर आहे, शिक्के आहेत, पण उतारा कोणी काढून देईना. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही सर्वांच्या ओळखीची. नव्या यंत्राच्या किंमतींत बहुधा तिचें मोल धरलेलेंच असतें. ॲपल कंपनीची मॅक त्याच कंपनीच्या यंत्रावर मिळते. गूगलची क्रोम ही बहुतेक काम इंटरनेटवरच करावें या हिशेबानें रचलेली आहे. चौथी लिनक्स. हिचें बीं 1991 सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें पेरलें, पुढें जगभरच्या लोकांनीं तिची मशागत केली, आणि ती आजही कोणासही विनामूल्य घेतां येते व दुसऱ्यास देतां येते. उबुंटू, मिंट हे तिचेच वाण. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनें 2007 सालीं 'बॉस' नांवाचा वाण काढला, आणि केरळच्या सरकारी शाळांतून मुलें गेलीं कित्येक वर्षें लिनक्सवर शिकत आहेत. तेव्हां फुकट म्हणजे टाकाऊ, ही समजूत खरी नव्हे.

परंतु या चौघींत डावें-उजवें करण्याच्या आधीं आमची फजिती सांगितली पाहिजे.

आमच्या गटाकडे पूर्वीं टेबलावरचा एक संगणक होता. ज्यानें तो दिला त्यानें विंडोजची चोरटी प्रत घालून दिली होती; मराठी लिहिण्याचा फाँटही तसाच, कोणाच्या तरी यंत्रावरून उचललेला. आम्हांस हें ठाऊक होतें, आणि तेवढे पैसे वांचले म्हणून आम्हीं आनंदच मानला, हें येथें कबूल करतों. चार हंगाम सुरळीत गेले. मग भाद्रपदांत एके रात्रीं वीज कडाडली आणि यंत्र जळालें. हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घेतलेली होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. दुसऱ्याच्या यंत्रावर ती उघडली तों काय? आंकडे सगळे जागच्या जागीं, आणि नांवांच्या ठिकाणीं इंग्रजी अक्षरें, कंस, स्वल्पविराम व टिंबें यांचा नुसता काला! अमुक रुपये देणें आहेत हें दिसे, पण कोणाचे तें कळेना. पिंपळगांव रेणुकाईच्या बाजारांत विकलेल्या मिरचीचे पैसे ज्यांस द्यावयाचे असे सतरा खातेदार, आणि दसरा तोंडावर आलेला. दोघां सख्ख्या भावांची तर "माझी पट्टी तुझ्या नांवावर चढली" म्हणून भर चावडीसमोर बोलाचाली झाली. एक वडीलधारे गृहस्थ आम्हांस म्हणाले, "भाऊसाहेब, सरकारचें दप्तर तुम्हीं एवढीं वर्षें सांभाळलें, आणि आपल्याच माणसांच्या दप्तराची ही दशा?" तेव्हां आम्हांस मान वर करतां आली नाहीं. पुढें भोकरदनच्या एका मुलानें जुन्या फाँटाचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारी युक्ति लावून नांवें वाचून दिलीं, तीं आम्हीं बाजारच्या पट्ट्यांशीं एकेक ताडून पाहिलीं. यांत अकरा दिवस गेले. पैसे सर्वांचे सर्वांस पोंचले. ते दोघे भाऊ मात्र अजून एका बांधावर बसत नाहींत.

असें कां झालें? जुन्या फाँटांत मराठी अक्षर हें खरें मराठी नसे. इंग्रजी अक्षराच्या अंगावर मराठीचें सोंग चढविलेलें असे. फाँट आहे तोंवर सोंग. तो नाहींसा झाला कीं आंतलें इंग्रजी उघडें पडे. युनिकोडमध्यें प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा ठराविक क्रमांक आहे, आणि तो विंडोज, मॅक, क्रोम, लिनक्स, फोन, सर्वत्र एकच. मराठवाड्यांतील वाचकांस ही गोष्ट मोडीवरून चटकन् कळेल. निजामाच्या अमदानींतील आपलें पुष्कळ दप्तर उर्दूंत व मोडींत आहे. 2023 सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां कागद शाबूत होते, शाई शाबूत होती, परंतु तें वाचणारा मनुष्य मिळविण्यासाठीं धांवाधांव करावी लागली. आपल्या गटाचें दप्तर दहा वर्षांनीं मोडी होऊन बसावें असें कोणास वाटेल? म्हणून आमच्या मतें खरेदीच्या वेळीं पहिला प्रश्न यंत्राच्या किंमतीचा नव्हे. आज लिहिलेला हिशेब उद्यां दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या प्रणालीच्या यंत्रावर जसाच्या तसा उघडेल काय, हा पहिला प्रश्न. ज्या प्रणालींतून व ज्या हिशेबाच्या सोयींतून आपलें दप्तर सुखरूप बाहेर काढतां येतें, तीच गरिबास स्वस्त पडते. लिबरऑफिस नांवाचा लेखनाचा व हिशेबाचा संच विनामूल्य आहे, तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि त्याचे तक्ते एकीकडचे दुसरीकडे उघडतात. आम्ही सर्व खतावणी आतां त्यांत ठेवितों व मराठी युनिकोडमध्यें, इनस्क्रिप्ट पद्धतीनें लिहितों. टंकयंत्रावर बसलेला आमचा हात नवीन कळांस वळावयास दोन महिने लागले. पहिल्या पंधरवड्यांत तर राजूरच्या गणपतीस नवस बोलावा असें वाटे.

यंदा गटानें नव्या यंत्रासाठीं 30,000 रुपये मंजूर केले, वर एक रुपया मिळणार नाहीं असें बजावून. त्यांतच छपाईचें यंत्रही बसवावयाचें. आमच्या पुतण्याचें म्हणणें, "काका, नवाच लॅपटॉप घ्या, गॅरंटी असते." चौकशी केली तों छपाईचे पैसे वजा जातां उरलेल्या रकमेंत नवें जें मिळे तें अगदींच दुबळें, त्यावर विंडोज 11 चालविणें म्हणजे भरल्या गाडीस वासरूं जुंपणें. त्यांत 18 टक्के जीएसटी, आणि 2025 च्या अखेरीपासून स्मृतीच्या चिपांचे भाव जगभर कडाडलेले. तेव्हां जुन्याकडे वळलों. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून कांहीं वर्षें वापरून निघालेले लॅपटॉप साफ करून विकणारे व्यापारी संभाजीनगरास व पुण्यास आहेत, आणि हें यंत्र स्वस्तांतल्या नव्यापेक्षां अंगानें मजबूत असतें.

येथेंच खरी मेख आहे. विंडोज 10 ला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजीं थांबली. ज्यांनीं वेगळी नोंद केली त्यांस 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदत ठरली. विंडोज 11 हें टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय असलेल्या यंत्रावरच, आणि इंटेलचें असल्यास साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच बसवावें, असा कंपनीचा नियम आहे. त्यामुळें सहाव्या-सातव्या पिढीचीं धडधाकट यंत्रें आज भंगाराच्या जवळपास आलीं आहेत. कित्येक विक्रेते नियम चुकवून त्यांवर विंडोज 11 घालून देतात. तें चालतेंही, पण पुढें दुरुस्ती मिळेल याची हमी नाहीं, आणि विकणारा तोंवर दुकान बदलून गेलेला असतो. याच यंत्रावर लिनक्स मात्र राजरोस बसतें. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे: आय-5 या नांवापुढील चार आंकड्यांची संख्या 8 नें सुरू झाली तर आठवी पिढी, 7 नें झाली तर सातवी.

आम्हीं आठव्या पिढीचा लॅपटॉप घेतला. 8 जीबी स्मृति, 256 जीबीची एसएसडी, किंमत पक्क्या पावतीसह 19,500 रुपये. सातव्या पिढीचा पांच हजारांनीं स्वस्त मिळत होता. परंतु आठव्यावर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. आज लिनक्स घातलें, उद्यां गरज पडली तर विंडोज 11 घालतां येईल. बिजागऱ्या हालवून, प्रत्येक कळ दाबून, चार्जर काढल्यावर बॅटरी किती वेळ टिकते तें घड्याळ लावून पाहिलें. आमची अर्धा तासही टिकेना, म्हणून भावांतून हजार रुपये कमी करून घेतले. वरील किंमत ती कमी धरूनच आहे. वीज जाणाऱ्या गांवीं टेबलावरच्या संगणकास वेगळा यूपीएस घ्यावा लागतो, हें किंमतींची तुलना करतांना विसरूं नये.

लिनक्सची एक सोय बैल चालवून पाहण्यासारखीच आहे. तें पेनड्राइव्हवर घालून, यंत्रांतील कांहींही न पुसतां, तसेंच चालवून पाहतां येतें. आम्हीं दुकानांतच तें केलें: वायफाय लागलें, आवाज आला, मराठी उमटली, सातबाऱ्याचें संकेतस्थळ उघडलें. मग व्यवहार केला.

ज्यांस लिनक्स चालणार नाहीं त्यांचेंही सांगतों. टॅली हा व्यापाऱ्यांत रूढ असलेला हिशेब विंडोजवरच चालतो. ज्याचा मुलगा टॅली शिकून नोकरी पाहणार आहे, किंवा ज्याच्या दुकानाचा सर्व व्यवहार टॅलींत आहे, त्यानें विंडोजच घ्यावें आणि तें विकत घेतलेलें, रीतसर घ्यावें. आमचे जालन्याचे हिशेब तपासनीसही टॅलीवाले. पण आमचे तक्ते त्यांस लिबरऑफिसमधून पाठविले कीं त्यांचें भागतें. दुसरी अडचण डिजिटल सहीच्या टोकनाची. शेतकरी उत्पादक कंपनीस कागदपत्रें भरण्यास तें लागतें, आणि सर्वच टोकनें लिनक्सवर सुखानें चालतात असें नाहीं. घेण्यापूर्वीं तेंच टोकन लावून पाहावें. आमचा नुसता गट आहे, कंपनी नाहीं, म्हणून ही पीडा आम्हांस नाहीं. तिसरें, गांवांत दुरुस्त करणारा कोण? विंडोज जाणणारा मुलगा घरोघरीं आहे, लिनक्स जाणणारा शोधावा लागतो. आमच्या नशिबानें तो भोकरदनचा मुलगा होता. ज्यास असा कोणी नाहीं त्यानें फुकटच्या मोहानें त्या वाटेस जाऊं नये, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

मॅकविषयीं फार लिहावयास नको. 2024 च्या अखेरीस निघालेल्या मॅक मिनीची किंमत 59,900 रुपये होती, आणि त्यांत पडदा नाहीं, कळफलक नाहीं. यंत्र उत्तम, आमच्या खिशाचें नव्हे. क्रोमबुकास 2021 पासूनच्या नमुन्यांवर दहा वर्षें दुरुस्ती मिळते ही गोष्ट चांगली. मात्र तीं दहा वर्षें तो नमुना बाजारांत आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नव्हे, हें जुनें घेणारानें ध्यानांत ठेवावें. शिवाय पूर्णेकांठीं पावसाळ्यांत नेट जेव्हां जातें तेव्हां दोन-दोन दिवस जातें, मग बहुतेक काम इंटरनेटवर असलेलें यंत्र काय कामाचें?

उरलेल्या 10,500 रुपयांतून 9,800 चा शाईच्या टाकीचा प्रिंटर घेतला. तो लिनक्सशीं जुळतो हें कंपनीच्या संकेतस्थळावर आधीं पाहून घेतलें होतें, तरी छपाई जुळली आणि कागदाची प्रतिमा घेण्याचा भाग अद्याप रुसलेलाच आहे. तोंवर फोननें फोटो काढून काम भागवितों. सातशे रुपये शिल्लक होते, त्यांचे दोन पेनड्राइव्ह आणले. दर शनिवारीं हिशेबाची नक्कल दोहोंवर निघते; एक आमच्या घरीं, दुसरा त्या दोघां भावांपैकीं थोरल्याकडे असतो. धाकट्याचा हट्ट असा कीं, त्याची पट्टी कागदाच्या वहींतही चढली पाहिजे. ती वही बंद करावी असा ठराव गेल्या बैठकींत एकानें मांडला होता. आम्हींच तो पुढें ढकलला.