अनाकुल कम्मन्त : गृहस्थाच्या दिनक्रमाचा विचार

मंगलसुत्तात माता-पित्यांची सेवा आणि पत्नी-पुत्रांचा सांभाळ यांच्या लगतच ‘अनाकुल कम्मन्त’ हे एक मंगल सांगितले आहे. खुद्दकपाठ व सुत्तनिपात या दोन्ही ग्रंथांत आलेले हे सुत्त विहारांतून नित्य म्हटले जाते. परंतु या दोन शब्दांपाशी थांबून विचार करणारे थोडेच. ‘कम्मन्त’ म्हणजे कामधंदा. ‘आकुल’ म्हणजे गोंधळलेला, गुंतागुंतीचा. वेळ टळू देणे, अयोग्य रीतीने करणे, मुळीच न करणे, ढिलाईने करणे हे दोष ज्या कामात नाहीत ते अनाकुल, असे अट्ठकथेचे स्पष्टीकरण आहे. आई-वडील, संसार आणि काम ही तिन्ही एकाच ठिकाणी यावीत, हे आम्हास अर्थपूर्ण वाटते. तिघांना पुरवावयाचा दिवस एकच असतो.

हा दिवस कसा पुरवावा? अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलियपुत्राने भगवंतांना सरळच सांगितले की, आम्ही मुलाबाळांच्या गराड्यात राहणारी संसारी माणसे, आम्हास झेपेल असे सांगावे. उत्तरात प्रथम ‘उट्ठानसम्पदा’ येते. शेती, व्यापार, गोरक्षण, राजसेवा, कोणतेही काम असो. ते करण्यास आणि त्याची योजना करण्यास माणूस समर्थ असावा, असे तिचे लक्षण आहे. करणे व योजणे ही दोन भिन्न सामर्थ्ये म्हणून येथे मोजली आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

योजना या अर्थाचा ‘संविधान’ हाच शब्द दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात पुन्हा भेटतो. राजगृहाच्या वेळुवनात तथागतांनी सिगालाला सहा दिशांचा जो अर्थ सांगितला, त्यात पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. तिच्या पाच कर्तव्यांत पहिले ‘सुसंविहित कम्मन्त’, म्हणजे कामांची नीट आखणी. याच शब्दाचा आधार घेऊन घरकाम हे स्त्रीचेच, असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्हास हा अर्थ ग्राह्य वाटत नाही. ज्या घराचे वर्णन सुत्तात आहे तेथे दास व कामगार होते. गृहिणी आखणी करी आणि कामे अनेक हातांनी होत. आज ते हात गेले, आखणीही तिच्याकडे व करणेही तिच्याकडे राहिले. शिवाय पतीच्या पाच कर्तव्यांत ‘इस्सरियवोस्सग्ग’ आहे, म्हणजे घराचा अधिकार तिच्या हाती सोपविणे. अधिकार सोपविला, तर कामे वाटून देण्याचा अधिकारही त्यात आला. आणि वाटणीत पतीच्या वाट्याला काही येऊ नये, असे सुत्तात कोठेही म्हटलेले नाही.

उदाहरणादाखल दोघेही नोकरी करणारे एखादे घर घ्यावे. पाणी पहाटे येते, दोन डबे भरावयाचे असतात, मुलांची रिक्षा दाराशी उभी असते, लोकल चुकवून चालत नाही, आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर द्यावयाची असते. पती “मदत करतो” म्हणतो खरा. पण काय संपले, कोणती फी भरावयाची, गोळ्या केव्हा आणावयाच्या हे सारे लक्षात ठेवणे तिच्याकडेच असते. हे लक्षात ठेवणे म्हणजेच संविधान, आणि दमणूक बहुधा त्यानेच होते. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात असल्याचे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. मुळात असे काम करणारे पुरुषच शंभरात सुमारे २६ होते, स्त्रिया ८१.

सिगालोवादात आळसाच्या सहा सबबी येतात : फार थंडी आहे, फार उकाडा आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, भूक लागली आहे, पोट भरले आहे. या सबबींनी कामे साचत जातात. कामावरून आल्यावर वर्तमानपत्र किंवा मोबाईल हाती धरून बसणाऱ्यास यांतील दोन-तीन तरी ओळखू याव्यात. (उत्पन्नाचे चार भाग करण्याचा उपदेशही याच सुत्तात आहे. तो वेळेला लावण्याचा मोह होतो. पण तेथे विषय धनाचा आहे, वेळेचा नाही.)

मात्र सारा दोष घरावर टाकणेही न्याय्य नव्हे. अधोदिशेविषयी, म्हणजे सेवकांविषयी, सांगताना मालकाने ‘यथाबल’ काम नेमून द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी आणि वेळेवर सुट्टी द्यावी असे म्हटले आहे. पुन्हा तोच ‘संविधान’ शब्द, या वेळी मालकाच्या माथी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. वेळेवर सुट्टी याचा अर्थ अट्ठकथा दोन प्रकारे लावते. एक, दिवसभर राबून माणसे थकतात म्हणून त्यांना रोज वेळ ओळखून मोकळे करणे. दुसरा, सणावाराला खाऊ-पिऊ व लेणी देऊन मोकळे करणे. दुसरा प्रकार आपल्या घरांतून थोडाफार पाळला जातो, निदान साडी तरी येते. पहिल्यासाठी रात्रीचा ओटा कोण आवरणार, हे दोघांनी सकाळीच ठरवावे लागते.